बोटं पाहून अकरावीचे विषय सांगणारं जळगावचं सेंटर, साडेचार हजाराचा अनुभव

दोन स्टार. एकच देणार होतो, दुसरा कोणामुळे वाढला ते खाली येईलच. सेंटरचं नाव टाकत नाही, मला कोणाशी भांडायचं नाही आणि दुकान सोडून असल्या भानगडी करायला वेळ पण नाही. जळगावात आहे, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सवाला, एवढं बस झालं. ज्यांच्या पोरांची यंदा दहावी झाली त्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या, लांबलंय थोडं.

माझं सावद्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. केळीवाल्यांच्या पाणबुडी मोटरी जळल्या की माझ्याकडे येतात. पोरगी, घरात गुड्डी म्हणतो, २०२५ ला दहावी झाली, १३ मे ला निकाल लागला, ८८ टक्के. पेढे वाटून होत नाहीत तं ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, मॅथ घेणार का बायो. दूधवाला विचारू राह्यला, न्हावी विचारू राह्यला, दुकानात मोटर टाकायला आलेला माणूस मोटरीचं राहू देऊन तेच विचारू राह्यला. त्यात तिचा मामा, तो भुसावळला रेल्वेत आहे, त्याने सांगितलं की जळगावला एक सेंटर आहे, डीएमआयटी म्हणतात त्याला, दहा बोटांचे ठसे घेतात आणि त्यावरून मेंदूचा रिपोर्ट काढून सांगतात की पोराने कोणता ग्रुप घ्यावा. त्याच्या शेजाऱ्याच्या पोराचं काढलं म्हणे आणि एकदम बरोबर निघालं. काय बरोबर निघालं ते मी लय नंतर विचारलं, तं म्हणे पोरगा हट्टी आहे असं आलं. आता ते सांगायला मशीन काबरं लागतं बोवा.

पण तेव्हा नाही सुचलं. मेच्या शेवटी गेलो, मी, गुड्डी आणि तिची मम्मी. जळगावचं ऊन सांगायला नको, एसटीतून उतरून रिक्षा मिळेपर्यंत डोकं तापलं. वर गेलो तं एसी, सोफा, थंड पाणी, टेबलावर प्लास्टिकचा मेंदू, तो उघडतो पण, आत रंगीत रंगीत भाग. भिंतीवर आइन्स्टाइन आणि कलाम साहेबांचे मोठे फोटो. मनात आलं की चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे तिथे, म्हणजे गणिताचा क्लास आपल्या खान्देशात आठशे वर्षांपासून आहे आणि भिंतीवर त्यांचं नाव पण नाही. असो.

फी साडेचार हजार एका पोराचे. फॅमिली पॅकेज घेतलं तं आईबापाचे पण ठसे घेतात आणि पोराचं आईबापाशी कसं जुळतं ते सांगतात, ते नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. मी म्हटलं आमचं जुळून सोळा वर्षं झाली, फक्त पोरीचं करा.

आता मशीनची गंमत. गुड्डीचा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट लागेना. आदल्या दिवशी काकाच्या वावरात केळीची पिलं, म्हणजे बुडाचे कोंब, काढायला गेली होती, बोटांवर केळीचा चीक, तो काळा पडला की आठ आठ दिवस जात नाही, रावेर-यावलच्या लोकांना माहीत आहे. तिथल्या पोराने सॅनिटायझर लावलं, ओला रुमाल लावला, मग खोबरेल तेल आणून घासलं. तिसऱ्या वेळी मशीन टुंग वाजलं. तो म्हणे सर तुम्ही पण एक डेमो घ्या, फ्री आहे. मी अंगठा ठेवला. काही नाही. दुसरं बोट, काही नाही. दहाच्या दहा झाली, एक पण नाही आलं. मला माहीत होतं, पंचवीस वर्षं तांब्याची तार ओढून आणि वार्निश घासून माझ्या बोटांना रेषाच राहिल्या नाहीत, रेशन दुकानात पण माझा थंब लागत नाही, बायकोला पाठवतो. मी विचारलं, भाऊ, मग माझ्या मेंदूचं काय समजायचं? पोरगं बिचारं हसलं पण नाही. म्हणे सर सर्व्हर प्रॉब्लेम असेल.

इथे एक खरं सांगून टाकतो. मी गेलो ते मशीनने मॅथ म्हणावं म्हणून. मी भुसावळला आयटीआय केलेला वायरमन, पोरगी इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हावी असं पहिल्यापासून डोक्यात. तिला ते बोलून दाखवायची हिंमत नव्हती, कारण ती विचारते काबरं, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. मशीन बोललं असतं तं काम झालं असतं. असे बाप मी तिथे बाकावर अजून तीनचार पाहिले, कोणाला डॉक्टर पाहिजे होता, एकाला पोराने जेईई करावं असं होतं, पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालून.

आठ दिवसांनी रिपोर्ट. स्पायरल बाइंडिंग, बत्तीस पानं, सगळी रंगीत, पहिल्या पानावर गुड्डीचं नाव चुकीचं. आत मेंदूचे दहा भाग आणि प्रत्येकाला टक्के, लॉजिकल ११.८, निसर्गाची आवड ११.४, संगीत ९.७, असं करत करत. सगळे आकडे नऊ ते बाराच्या मधले. मी रोज मीटर वाचतो, एवढ्या जवळजवळच्या रीडिंगवरून मी तं मोटर चांगली का जळाली ते पण नाही सांगणार. शेवटी करिअरची यादी, चोवीस नावं, त्यात आयपीएस, फॅशन डिझायनर, पुरातत्त्व, शेफ, पायलट. आणि ज्यासाठी गेलो ते पान, सायन्स ग्रुप, मॅथ ग्रुपला तीन स्टार, बायो ग्रुपला तीन स्टार.

तीन आणि तीन. साडेचार हजार.

आमच्या माय, म्हणजे माझी आई, सत्तरी पार, तिने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि गुड्डीची बोटं हातात घेऊन ओट्यावर उजेडात पाहिली. चक्र किती शंख किती मोजले. आमच्याकडे म्हणतात दहाही बोटांना चक्र असलं की राजयोग. गुड्डीला सहा चक्रं, चार शंख. माय म्हणे, "चांगलंय, उपाशी नाही मरत." फुकट, आणि दोन मिनिटांत. सेंटरवाले त्याच चक्राला व्होर्ल आणि शंखाला लूप म्हणतात, फरक एवढाच.

आता तो दुसरा स्टार. रिपोर्ट समजावून सांगायला मोठे सर बसतात, टाय घालून, पण त्या दिवशी ते फोनवर होते म्हणून एक तरुण मॅडम बसल्या आधी दहा मिनिटं. त्यांनी फाइल उघडलीच नाही. गुड्डीला विचारलं, शाळेतून आल्यावर कोणत्या विषयाचा गृहपाठ आधी काढायची? आणि कोणता कोणी न सांगता पुढचा धडा वाचलास? गुड्डी म्हणे, गणिताचा आधी काढते, लवकर संपतो म्हणून. आणि न सांगता वाचलं ते विज्ञान भाग दोन, जीवशास्त्र असतं ते, पूर्ण, दिवाळीतच. मॅडमने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात टायवाले सर आले. त्या मॅडमना तिथे किती पगार असेल देव जाणे पण साडेचार हजारातले जे काही वसूल झाले ते त्या दोन प्रश्नांचे.

टायवाल्या सरांनी तीन आणि तीन स्टारचा असा अर्थ काढला की पोरीत दोन्ही पोटेन्शियल आहे, तं पीसीएमबी घ्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ, बायो चारही, दोन्ही दरवाजे उघडे ठेवा, आणि वरच्याच मजल्यावर एक क्लास आहे, दोन वर्षांचं इंटिग्रेटेड, नीट म्हणजे डॉक्टरकीची परीक्षा आणि सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दोन्ही, आमच्या रिपोर्टवाल्यांना दहा टक्के सूट. एक लाख चाळीस हजार, तीन हप्ते. जिन्यातच क्लासचा माणूस उभा होता, त्याला गुड्डीचे टक्के आधीच माहीत.

घरी आलो, दोन दिवस डोकं भणभण. मग फैजपूरला एक रिटायर सर आहेत, बायोलॉजी शिकवायचे ज्युनिअर कॉलेजला, त्यांच्या बोअरची मोटर मी दोनदा भरली होती, त्यांच्याकडे गेलो. रिपोर्ट नेला. सरांनी चष्मा लावून पाच पानं पाहिली आणि म्हणे, नाना, बोटावरच्या रेषा आईच्या पोटातच तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात पक्क्या होतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या पोरांच्या सुद्धा वेगळ्या असतात. म्हणून तं पोलिसांच्या कामाच्या, १८९७ ला कलकत्त्यात ठशांचं पहिलं ऑफिस निघालं ते माणूस कोण आहे हे ओळखायला, त्याने मॅथ घ्यावं का बायो हे ओळखायला नाही. एवढं बोलून फाइल खाली ठेवली, त्यावर चहाचा कप ठेवला.

मग गुड्डीला दोन प्रश्न विचारले. पहिला, तीन फेजच्या मोटरीचा एक फेज गेला तं मोटर काबरं जळते. हे तिला माझ्या दुकानात बसून बसून पाठ. तिने सांगितलं की राहिलेल्या दोन फेजवर लोड येतो, करंट वाढतो, वाइंडिंग तापतं. एकदम बरोबर, आणि गप्प बसली. दुसरा, आपण खातो त्या केळीत बी काबरं नसतं. हे तिला अर्धंच आलं. म्हणे पिलापासून लागवड करतो म्हणून. सर म्हणे ते उलटं झालं, बी नाही म्हणून पिलापासून लावतो. त्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, जोडी जुळत नाही, म्हणून बी धरत नाही. आणि मग जे सुरू झालं, सर मग टिश्यूची जी-नाइन जातीची केळी सगळी एकच झाड म्हणायची का, मग एका झाडाला करपा आला तं सगळ्यांना सारखाच येणार का, मग सीएमव्ही व्हायरस लागलेली रोपं उपटून टाकायला काबरं सांगतात, औषध काबरं नाही, काकाच्या वावरात मागच्या वर्षी किती उपटली ते पण सांगितलं. पाऊण तास. माझा चहा गार झाला.

मला तिथेच समजलं होतं, पण मी तरी सरांना विचारलं, दोन्ही दरवाजे उघडे ठेवले तं काय बिघडलं? आता सर जे बोलले ते मी पाठीमागे बिलबुकावर लिहून घेतलं, तेवढं नीट वाचा, सेंटरच्या बत्तीस पानांत यातलं एक अक्षर नव्हतं.

बायो सोडलं तं एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी हे सगळं नीटवर, म्हणजे बंद. तसं नोव्हेंबर २०२३ ला मेडिकल कमिशनने नोटीस काढली की बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून पास केलं तरी चालेल, पण ते मागून गाडी पकडण्यासारखं आहे. मॅथ सोडलं तं इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून एअरफोर्स आणि नेव्ही, कृषी विद्यापीठाचं ॲग्री इंजिनिअरिंग सुद्धा, हे बंद. आणि फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री, या दोन्हीला मॅथवाला पण चालतो आणि बायोवाला पण. हे मला माहीतच नव्हतं. शिरपूरला फार्मसी, धुळ्याला राहुरी विद्यापीठाचं कृषी कॉलेज, आणि मी समजत होतो एक विषय सोडला की पोरीचं अर्धं जग गेलं.

परीक्षेचं असं, सीईटीचे दोन ग्रुप वेगळे, दोन्ही २०० मार्कांचे. पीसीएममध्ये मॅथच्या ५० प्रश्नांना दोन दोन मार्क, पीसीबीमध्ये बायोचे १०० प्रश्न एकेक मार्काचे, फिजिक्स केमिस्ट्री पन्नास पन्नास दोन्हीकडे. निगेटिव्ह नाही. अकरावीचा अभ्यासक्रम वीस टक्के, बारावीचा ऐंशी, आणि पोरं अकरावी म्हणजे सुट्टी समजतात तिथेच ते वीस जातात. नीट वेगळं जनावर, ७२० मार्क, त्यातले ३६० एकट्या बायोचे, चुकलं की एक मार्क कापतात. पीसीएमबी घेतलेलं पोरगं हे सगळं अंगावर घेतं आणि वर बोर्डाची सगळी प्रॅक्टिकलं, फिजिक्स केमिस्ट्री बायो तिन्हीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. सर म्हणे ज्याला खरंच ठरत नाही आणि अभ्यासाची बैठक आहे त्याने जरूर घ्यावं, माझी काही पोरं घेऊन डॉक्टर झाली काही इंजिनिअर झाली. पण बापाला ठरवता येत नाही म्हणून पोराने चार विषय ओढायचे का? हे बोलताना सर माझ्याकडेच पाहत होते.

आता एक बारीक गोष्ट, जी कोणीच सांगत नाही आणि कॉलेजच्या खिडकीवर गेल्यावर समजते. मॅथ सोडलं म्हणजे एक विषय कमी झाला असं नाही. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि ऐच्छिक चार विषय, असे सहा पुरे करावेच लागतात. मॅथच्या जागी दुसरं काहीतरी घ्यावं लागतं, भूगोल म्हणा सायकॉलॉजी म्हणा, आणि ते त्या कॉलेजला असलं पाहिजे. आम्ही तीन ठिकाणी फिरलो. एका ठिकाणी खिडकीवरची बाई म्हणे आमच्याकडे सायन्सला मॅथ सगळेच घेतात, बायो सोडायचं तं सोडा. म्हणजे पोराची आवड, कल, ठसे सगळं बाजूला, कॉलेजकडे मास्तर कोणता आहे त्यावर ग्रुप ठरणार. दुसऱ्या ठिकाणी भूगोल होता, ८० लेखी २० प्रॅक्टिकल.

दुसरा रस्ता बायफोकल. त्यात एकच विषय २०० मार्कांचा, तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक अशा दोघांच्या जागी बसतो. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असे असतात. कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक मी चाळलं, सी प्लस प्लस ठीक आहे, पण अजून ८०८५ चा मायक्रोप्रोसेसर, जो मी आयटीआयला असताना आमचे सर जुना झाला म्हणायचे. तरी मार्क चांगले पडतात म्हणून झुंबड. गुड्डीच्या डोळ्यात मात्र क्रॉप सायन्स बसलं होतं, मला पण बरं वाटलं, केळीपट्ट्यातली पोरगी, पीक शिकेल. तं तिसऱ्या कॉलेजला, नाव नाही घेत, आम्ही विचारलं प्रॅक्टिकलचा प्लॉट कुठे आहे. शिपायाने मागच्या बाजूला नेलं. कंबरेएवढं गाजर गवत, मधे गंजलेली पाटी, "प्रात्यक्षिक प्रक्षेत्र". मास्तरची जागा रिकामी, तासिकेवर कोणीतरी येतं. गुड्डी पाटीकडे पाहून म्हणे, पप्पा, यापेक्षा काकाचं वावर बरं. क्रॉप सायन्स तिथेच संपलं. विषय वाईट नाही हां, जिथे प्लॉट हिरवा आहे आणि मास्तर कायमचा आहे तिथे ॲग्रीला जाणाऱ्याने जरूर घ्या, पण माहितीपत्रक पाहून नाही, मागे जाऊन गवत पाहून.

सेंटरवर परत येतो, कारण खरा राग त्याच्यापुढचा. पॅकेजमध्ये अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरून देणं फ्री होतं. आता आपल्याकडे पण ऑनलाइनच झालं, आधी मुंबई पुणे नाशिक अशा मोठ्या शहरांतच होतं, २०२५ ला पहिल्यांदा पूर्ण महाराष्ट्रात, त्यामुळे सगळेच नवशिके. शंभर रुपये फी, दहा कॉलेजांपर्यंत पसंती टाकता येते. आणि नियम असा की एक नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं, नाही घेतलं तं पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे एक नंबर फार जपून टाकायचा. आम्ही भूगोलवाल्या कॉलेजचं नाव सांगून आलो, त्यांनी भरलं, मेसेज आला, मी समाधानी.

रात्री जेवण झाल्यावर गुड्डीने मोबाइलवर फॉर्म उघडला आणि हाक मारली. कॉलेज तेच, नाव तेच, पण कोड वेगळा. एकाच कॉलेजात अनुदानित तुकडीचा कोड वेगळा, विनाअनुदानितचा वेगळा, स्वयंअर्थसहाय्यितचा वेगळा, आणि यांनी एक नंबरला विनाअनुदानित टाकलं होतं, जिथे फी काही पटीत जास्त. बरं ८८ टक्क्यांना अनुदानितला नंबर लागण्यासारखा होता. लॉक व्हायला एक दिवस बाकी. सेंटरला फोन केला तं म्हणे सर सेमच कॉलेज आहे ना. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून सायबर कॅफेत बसलो आणि गुड्डीने स्वतः सगळं भरलं, मी फक्त कोड मोठ्याने वाचत होतो, जसा वाइंडिंगचा डेटा वाचतो तसा, आकडा आकडा. लागलं एकदाचं, अनुदानितच. मुद्दाम केलं का चुकून ते मला माहीत नाही, पण फुकटच्या फॉर्मने मला वर्षाला किती हजारात घातलं असतं याचा हिशोब करून पाहिला आणि पाणी प्यायलो.

शेवटी घेतलं ते फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, भूगोल, आणि मराठी. आयटी घ्यायला सगळ्यांनी सांगितलं, ८० मार्क कॉम्प्युटरवर आणि २० प्रॅक्टिकल, मार्कांची खाण म्हणतात. गुड्डी म्हणे सीईटीला आयटी पण नाही आणि मराठी पण नाही, मग मी जे वाचायला आवडतं ते घेते. यावर तिच्या मम्मीचं आणि तिचं दोन दिवस बोलणं बंद होतं. मी मधे पडलो नाही. मी आधीच एक लढाई हरलेला माणूस.

हरलेला म्हणजे काय, कॉलेज सुरू झाल्यावर एकदा दुकानात बसली होती, मी मायक्रोमीटरने तारेचं गेज पाहत होतो, तिने हातातून घेतलं, इनॅमल खरडून रीडिंग घेतलं, शून्य पॉइंट एकाहत्तर, बावीस गेज. म्हणे पप्पा याला आमच्यात स्क्रू गेज म्हणतात, पहिलंच प्रॅक्टिकल आहे फिजिक्सचं, झिरो एरर पाहिलास का? पंचवीस वर्षांत मी झिरो एरर पाहिलेला नाही. पाहिला तं निघाला की थोडा. वाटलं, हिने मॅथ घेतलं असतं तं... मग तिने मायक्रोमीटर ठेवला आणि टेबलावरची नवी ब्लेड मागितली, कॉलेजला खोडाचा पातळ छेद घ्यायचा होता, कॉलेजच्या ब्लेडी बोथट आहेत म्हणे. अर्धा दिवस दुकानाच्या मागे बसून एरंडाच्या कोवळ्या फांदीचे काप करत बसली, पाण्याच्या वाटीत तरंगवायची, जो सगळ्यात पातळ तो बाजूला ठेवायची. सॅफ्रनिनने रंगवलं की नळ्या लाल दिसतात असं सांगत होती. गिऱ्हाईक आलेलं पण तिला समजलं नाही.

आता ज्यांना सेंटरला जायचंच आहे त्यांच्यासाठी. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावा. पाणी थंड. रिपोर्ट आठ दिवस म्हणतात, आठच दिवसांत देतात, त्यात खोटं नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. पैसे परत मिळत नाहीत, मी विचारून पाहिलं, म्हणे रिपोर्ट तं दिला ना. त्या मॅडम आता तिथे नाहीत असं समजलं, म्हणजे दुसरा स्टार पण तसा गेलाच. फाइलचा मात्र उपयोग झाला, मागची पानं कोरी आणि कागद जाड, मी त्यावर मोटरींचा वाइंडिंग डेटा लिहितो, स्लॉट किती, टर्न किती, गेज किती. स्पायरल असल्यामुळे उघडी राहते, तेलाचा हात लागला तरी फाटत नाही.

परवा त्यांचा फोन आला होता. रेकॉर्डमध्ये दिसतंय तुमचा लहान मुलगा सातवीत आहे, भावंडांना तीस टक्के सूट चालू आहे, या महिन्यापुरतीच. मी म्हटलं त्याचे ठसे लागणार नाहीत. म्हणे काबरं सर? म्हटलं सध्या घड उतरवायचं काम चालू आहे, दहाही बोटांना चीक आहे, आणि आमच्याकडे केळी बारमाही असते.